बटाट्याचा श्वास आणि पहाटेची नीरा

वसईच्या किनाऱ्यापासून उत्तरेला पालघर, डहाणूपर्यंत ताड, माड आणि शिंदीच्या झाडांची साथ कधी पूर्णपणे सुटत नाही. वसईच्या आसपास ती आता इमारतींमधून डोके काढून उभी दिसतात, तर पुढे डहाणूकडे अजून रांगेने. या झाडांच्या शेंड्याशी संध्याकाळी मडके बांधायचे, रात्रभर त्यात रस ठिबकू द्यायचा आणि सूर्य वर येण्याआधी ते उतरवायचे. मडक्याला आतून चुना लावलेला असेल आणि रस वेळेवर उतरवला असेल, तर ती नीरा. चुना नसेल आणि ऊन चढेपर्यंत मडके तसेच राहिले, तर ती ताडी. झाड तेच आणि रसही तोच. फरक पडतो तो यीस्ट नावाच्या एकपेशीय जिवामुळे. रसातली साखर तो खातो आणि अल्कोहोल मागे ठेवतो.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हाच फरक कायद्याच्या भाषेत पक्का केला. आंबू न देता काढलेला रस म्हणजे नीरा, अशी त्यात स्वतंत्र व्याख्या आहे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील भंडारी आणि आदिवासी कुटुंबांसाठी ही व्याख्या पुस्तकी नव्हती. ताडी बंद झाल्यावर झाडावर चढणाऱ्यांचे पोट कशावर चालायचे, हा प्रश्न होता. नीरा आणि तिच्यापासून केलेला ताडगूळ हे त्याचे एक उत्तर होते. पण या रसात अंगी लागेल असे खरोखर काही आहे का, की तो केवळ साखरपाणी आहे, हे कोणी तरी प्रयोगशाळेत तपासायला हवे होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हे काम ज्यांनी हाती घेतले, त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. डॉ. कमला सोहोनी हे त्यांचे नाव. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. त्या डॉक्टरेटचा विषय नीरेपासून दूरचा वाटतो, पण तसा तो दूर नव्हता. सजीव पेशी श्वास कशी घेते, हा तो विषय.

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, अगदी सुरुवातीच्या काळात बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील मोठ्या लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक झाल्या. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध ठामपणे उभ्या राहिलेल्या दुर्गा भागवत त्या याच. एकीने लोकांच्या कथा-समजुतींचा माग काढला, दुसरीने त्यांच्या ताटातल्या अन्नाचा. दोघींच्या स्वभावातला हट्ट मात्र एकच होता.

त्या हट्टाची परीक्षा लवकरच झाली. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, त्याही अव्वल क्रमांकाने. वडील आणि काका जिथे शिकले त्या बंगळूरच्या संस्थेत संशोधन करायचे, हे घरात जणू ठरलेलेच होते. अर्ज गेला आणि नाकारला गेला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीन वर्षेच झाली होती आणि देशात त्यांच्या शब्दाला विलक्षण वजन होते. नकाराचे कारण गुण नव्हते. अर्जदार मुलगी आहे, एवढेच कारण होते.

वडील आणि काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या दालनासमोर त्यांनी सत्याग्रह मांडला. अखेर रामन नमले, पण अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या असण्याने तिथल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. या शेवटच्या अटीत जे गृहीत धरले आहे त्यावर आज फार लिहावे लागत नाही. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात महिला वैज्ञानिकांसमोर बोलतानाही त्यांनी रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीबरोबर त्यांच्या मनाच्या कोतेपणाचा उल्लेख टाळला नाही. थोरांच्या चुका काळाच्या ओघात गोड करून सांगायची आपली सवय पाहता, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

बंगळूरला त्यांना एम. श्रीनिवासय्या हे चांगले गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि त्या नियमित संशोधक झाल्या. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. त्यांनी विशेष प्रावीण्यासह मिळवली आणि शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिज गाठले.

केंब्रिजला जीवरसायनशास्त्राच्या विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले हे गृहस्थ आपल्या प्रयोगशाळेत स्त्रियांना सहज जागा देत. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. खुद्द केंब्रिज विद्यापीठ मात्र तेवढे उदार नव्हते. १९४८ पर्यंत तिथे स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व मिळत नसे. त्यांनी परीक्षा द्यावी, प्रबंध लिहावा, त्यांना उपाधीही मिळे, पण ती नावापुरती. बंगळूर आणि केंब्रिज यांच्यातला फरक आपण समजतो तितका मोठा नव्हता.

तिथे त्या आधी डेरेक रिष्टर यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर. हिल वनस्पतींवर काम करीत. पाने प्रकाशात प्राणवायू कसा सोडतात, याविषयीचे त्यांचे प्रयोग आजही पाठ्यपुस्तकांत त्यांच्याच नावाने शिकवले जातात. कमलाबाईंना त्यांनी उलट बाजूचा प्रश्न दिला. वनस्पती प्राणवायू घेतात तेव्हा तो जातो कुठे?

प्राण्यांच्या बाबतीत याचे उत्तर केंब्रिजमध्येच निघाले होते. डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये ओळखली होती. कीटकांच्या पंखांचे स्नायू किंवा यीस्टचा लगदा वर्णपटदर्शकातून पाहिला, की प्रकाशाच्या पट्ट्यात काही गडद रेघा दिसतात. पेशीला प्राणवायू मिळाला की त्या पुसट होतात आणि तोडला की परत येतात. म्हणजे पेशी श्वास घेताना ज्या द्रव्यांची अवस्था पालटते, ती द्रव्येच डोळ्यांसमोर होती. लोहाचा एक अणू पोटात धरून बसलेली ही प्रथिने अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हाती देत प्राणवायूपर्यंत पोचवतात. त्यातले शेवटचे दोन गडी म्हणजे सायटोक्रोम-सी आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायूला देणारे विकर, सायटोक्रोम ऑक्सिडेज.

वनस्पतींतही सायटोक्रोम असते हे कायलिन यांनी नोंदवले होते. पण तिथे हीच साखळी खरोखर काम करते का, यावर एकमत नव्हते. शंकेचे कारण प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. चिरून ठेवलेला बटाटा थोड्या वेळाने तपकिरी पडतो. हे फिनॉल ऑक्सिडेज नावाच्या दुसऱ्याच विकराचे काम. तेही प्राणवायू घेते आणि बटाट्यात ते मुबलक असते. तेव्हा बटाट्याचा श्वास याच विकरामार्फत चालत असावा, असे मानणारे संशोधक होते. पांढऱ्याफटक बटाट्यात सायटोक्रोम इतके थोडे, की वर्णपटदर्शकात त्याच्या रेघा दिसणे कठीण. त्यातच लगदा काळवंडू लागला की उरलेसुरलेही झाकले जाई. कमलाबाईंनी रिष्टर यांच्याबरोबर प्राण्यांच्या ऊतींतील फिनॉल ऑक्सिडेजवर काम केलेले असल्याने या भानगडीची त्यांना चांगली ओळख होती. बटाट्यासारख्या ऊतीतून त्यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज आणि त्याचा जोडीदार सायटोक्रोम-सी यांचे अस्तित्व आणि काम दाखवले. हिल आणि भागवत या दोन नावांनी सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा टिपणवजा निबंध १९३९ साली नेचर या नियतकालिकात आला. सविस्तर निबंध पुढे १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

कमलाबाईंनी सायटोक्रोम-सी शोधले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही आणि त्यांना त्या उसन्या श्रेयाची गरजही नाही. त्यांचे काम वेगळे होते. यीस्ट, माशी, घोडा, माणूस आणि बटाटा हे सारे एकाच पद्धतीने श्वास घेतात, या विधानातला बटाट्याकडचा दुवा त्यांनी घट्ट केला. प्रबंध चौदा महिन्यांत झाला आणि अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या कामात त्यांना एक गोष्ट दिसू शकत नव्हती, कारण तेव्हा ती कोणालाच दिसत नव्हती. ही प्रथिने पेशीत नेमकी राहतात कुठे आणि त्यांचे घर कसे आहे?

श्वसनाची ही विकरे रसात विरघळत नाहीत, बारीक कणांना चिकटून येतात, एवढे जाणवत होते. ते कण म्हणजे पेशीतील तंतुकणिका. जाडीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असणारी ही पिशवी. १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पातळ चकत्या पाहता येऊ लागल्या, तेव्हा आत एक विलक्षण रचना आढळली. बाहेरचे पटल साधे, गुळगुळीत आणि त्याच्या आत दुसरे पटल, पण ते असंख्य घड्या पडलेले. लुगड्याच्या निऱ्या लहानशा डब्यात दाबून भराव्यात तसे. श्वसनाची सगळी यंत्रणा या आतल्या पटलातच बसवलेली असते. घड्या जितक्या अधिक तितकी जागा अधिक, म्हणून हृदयाच्या स्नायूत त्या दाटीवाटीने असतात.

पटल म्हणजे मेदाचा, दोन रेणूंच्या जाडीचा पापुद्रा. तेलाच्या थरासारखा तो मऊ आणि वाहता असतो. अशा पापुद्र्याला आपली आपण धारदार घडी पडत नाही. पडली तरी टिकत नाही. मग ती पाडतो कोण? दीर्घकाळ या प्रश्नाकडे कोणी फार गांभीर्याने पाहिले नाही. पटलाचा आकार ही पार्श्वभूमी आणि प्रथिने ही त्यावरची पात्रे, असा समज होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो उलटला. पटलाला आकार देणारी प्रथिनेच आहेत, हे एकामागून एक प्रयोगांनी दाखवले.

पहिला धागा यीस्टमध्ये मिळाला. ताडीच्या मडक्यात साखर फस्त करणारे यीस्ट ते हेच. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात एटीपी सिंथेज नावाचे एक प्रथिन-यंत्र असते. सायटोक्रोमची साखळी पटलाच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण साठवते. ते या यंत्रातून परत येताना त्याचे चाक फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. धरणाचे पाणी आणि जनित्र यांच्याशी त्याची तुलना नेहमी होते आणि ती बऱ्यापैकी बरोबर आहे. या यंत्राचे काम उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ चे नोबेल मिळाले. त्यानंतर २००२ साली असे दिसले, की या यंत्राचे दोन अगदी लहान भाग यीस्टमधून काढून टाकले तर एटीपी बनणे थांबत नाही, पण घड्या विस्कटतात. तंतुकणिका आतून कांद्याच्या पाकळ्यांसारखी, एकात एक गोल थरांची होते. म्हणजे हे यंत्र केवळ इंधन तयार करीत नव्हते. ज्या पटलात ते बसले होते, त्याला ते वाकवतही होते.

कसे वाकवते, तेही पुढे कळले. ही यंत्रे जोडीने बसतात. जोडीतली दोघे एकमेकांपासून कलून असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. त्यामुळे त्यांच्या पायाखालचे पटल वाकते. अशा जोड्या एकापुढे एक लांब रांगेत लागल्या, की वाकलेल्या पटलाची सलग धार तयार होते आणि तीच घडीची कड. २०११ साली जर्मनीतील संशोधकांनी तंतुकणिका गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सर्व बाजूंनी टिपून त्यांची त्रिमित चित्रे उभी केली. या रांगा त्यांना घड्यांच्या तीव्र वळणाच्या कडांवरच सापडल्या. त्यांनी तपासलेल्या सजीवांत बैलाचे हृदय होते, बुरशींचे तीन प्रकार होते आणि बटाटा होता. कमलाबाईंच्या केंब्रिजमधल्या कामानंतर सत्तर वर्षांनी बटाट्याच्या तंतुकणिकेचे अंतरंग असे उघडले. तिथेही हिशेब तोच निघाला. बैल, बुरशी आणि बटाटा आपल्या श्वासाच्या घड्या एकाच रीतीने घालतात.

घडीच्या कडेला ही रांग, तर घडीच्या तोंडाशी दुसरी व्यवस्था. घडी जिथे मुख्य पटलातून आत वळते, तिथे तिचे तोंड अरुंद असते. ते तसे राखणारा प्रथिनांचा एक समूह २०११ मध्येच ओळखला गेला. या तोंडाला मोठे महत्त्व आहे आणि ते कळले कमलाबाईंच्या त्याच सायटोक्रोम-सीमुळे. हे छोटे प्रथिन पटलात रुतलेले नसते. त्यावर धन भार असतो आणि आतल्या पटलातल्या मेदावर ऋण, म्हणून ते पटलाला हलकेच चिकटून, निरोप्यासारखे फिरत राहते. त्याचा बहुतांश साठा घड्यांच्या पोकळीत कोंडलेला असतो. १९९६ साली अमेरिकेत शिओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने एक धक्का दिला. हे सायटोक्रोम-सी तंतुकणिकेबाहेर पडले, तर प्राण्याच्या पेशीत तो मृत्यूचा हुकूम ठरतो. पेशी स्वतःला शिस्तीने मोडून टाकते. जो निरोप्या घरात असताना श्वास चालवतो, तोच घराबाहेर आला की अंत घडवतो. घड्यांचे तोंड अरुंद राखणारी प्रथिने त्यामुळे एका अर्थी दारावरची राखण करतात. मरणाची वेळ येते तेव्हा घड्यांचे आकार आधी बदलतात, तोंडे रुंदावतात आणि मग साठा बाहेर येतो. यातले ओपा-१ हे प्रथिन बिघडलेले घेऊन जन्मलेल्या काही माणसांच्या दृष्टीच्या मज्जातंतूचा हळूहळू ऱ्हास होतो. पटलाच्या घडीतला दोष डोळ्यांवर येतो तो असा.

कमलाबाईंना यातले फार थोडे पाहायला मिळाले असणार. १९३९ नंतर या वाटेवर त्या पुढे गेल्याच नाहीत. युरोपात राहण्याचा मार्ग सोडून त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या, मग दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. तिथे जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या.

एवढे मूलभूत काम हाती असताना त्यांनी अन्नाच्या विश्लेषणाकडे वळावे, याची खंत करणारे आहेत. ती खंत अगदीच अनाठायी नाही. हिल यांच्याबरोबर आणखी दहा वर्षे मिळती, तर पेशीश्वसनाच्या इतिहासात भागवत हे नाव अधिक ठळक दिसते. पण १९४० च्या दशकातला हिंदुस्थान डोळ्यांपुढे आणला की दुसरी बाजू दिसते. बंगालचा दुष्काळ नुकताच झाला होता. साध्या वरणभातातून आणि बिरड्यातून अंगात किती प्रथिन जाते, हे माहीत नसलेल्या देशात ते मोजायला बसणे हे कमी दर्जाचे विज्ञान नव्हे. शिवाय अभ्यासाचा मूळ पदार्थ तोच राहिला. आधी प्रथिन पेशीत काय करते हे त्यांनी पाहिले, आता ताटातल्या प्रथिनाचे पोटात काय होते हे त्या पाहू लागल्या.

वालाचेच घ्या. उत्तर कोकणात, वसईपासून अलिबागपर्यंत, वालाचे बिरडे हा सणाचा आणि रोजचाही पदार्थ. वालात प्रथिने भरपूर, तरी कच्चा वाल पचत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात दाखवले, की आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे प्रथिन अशा कडधान्यांत असते. वालात आणखीही एक प्रकारचे प्रथिन असते. ते रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पटलावरील शर्करेला पकडते आणि त्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात. पुन्हा एकदा प्रथिन आणि पटल, पण या वेळी पटल दुसऱ्याचे. ही दोन्ही प्रथिने उष्णतेने निकामी होतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून चांगला शिजवण्याची आजीची रीत शास्त्राला धरून होती. ती का, हे या कामामुळे समजले. ज्यांच्याकडे तेवढा वेळ आणि सरपण नसते, त्यांच्या घरी अर्धेकच्चे कडधान्य खाऊन प्रथिन वाया जाते, हेही त्यातूनच समजले.

नीरेचे काम याच काळातले. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात असते आणि ताडगूळ करताना रस आटवला तरी ते सारे नष्ट होत नाही, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. या यशाची मर्यादाही सांगायला हवी. नीरा टिकत नाही. पहाटेच्या मडक्यापासून गिऱ्हाइकाच्या पेल्यापर्यंतचा वेळ हाच तिचा शत्रू. तो जिंकेल अशी साखळी गावोगावी उभी राहिली नाही. यीस्टला कायद्याची व्याख्या कळत नाही. जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्या त्यानंतरही अनेक पावसाळ्यांत वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आल्या. याचा दोष प्रयोगशाळेचा नाही. पण रसात पोषण आहे हे सिद्ध होणे आणि ते मुलाच्या पोटात पोचणे यांत किती अंतर असते, ते या जिल्ह्याइतके क्वचितच कुठे दिसते.

मुंबईच्या संस्थेत त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थी तयार झाले. आरे दुग्ध प्रकल्पाला त्यांनी गुणवत्तेबाबत सल्ला दिला. संचालकपद मात्र त्यांच्यापासून चार वर्षे दूर ठेवले गेले आणि मग मिळाले. तोवर त्यांची नोकरीची उमेद वर्षांत मोजण्याइतकीच उरली होती. बंगळूरच्या दालनाबाहेरची ती मुलगी आता ज्येष्ठ प्राध्यापक होती, तरी दार तितक्याच सावकाश उघडत होते.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. दुधात पाणी आणि हळदीत रंग मिसळणाऱ्यांशी त्या त्यांच्याच क्षेत्रात, रसायनशास्त्रात, दोन हात करीत. आहारगाथा हे त्यांचे मराठी पुस्तक याच वृत्तीचे आहे. घरातल्या माणसाला कळेल अशा भाषेत, पण तडजोड न करता.

१९९८ च्या जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. वय सत्याऐंशी. समारंभ सुरू असतानाच त्या कोसळल्या आणि २८ जून रोजी त्यांचे निधन झाले. देशाच्या विज्ञानविश्वाने त्यांची अशी मोठी दखल घ्यायला साठ वर्षे लावली होती. पंचवीस वर्षांनी, १८ जून २०२३ रोजी, गूगलच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले आणि अनेक तरुण वाचकांनी त्यांचे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले.